दशावतारात उत्क्रांती सापडते का?

मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा सिंह आणि अर्धा माणूस, मग बुटका बटू, मग परशू घेतलेला, मग धनुष्य घेतलेला. अवतारांची ही रांग आणि प्रत्येकाशेजारी ‘जलचर’, ‘उभयचर’, ‘सस्तन’, ‘अर्धमानव’, ‘आदिमानव’ असे बाण काढलेलं चित्र तुमच्या फोनवर कधी ना कधी आलंच असेल. डार्विनने १८५९ साली सांगितलं ते आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, असा मजकूरही बहुधा खाली असतो. चित्र पाहताक्षणी पटतं. पाण्यातून जमिनीवर, जनावरातून माणसाकडे असा क्रम डोळ्यांना सरळ दिसतो आणि मनाला सुखावतो.

मला पुराणकथाही आवडतात आणि उत्क्रांतीही. या जुळणीने दोन्हींचं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी ही जुळणी आली कुठून ते पाहू.

ती ऋषींकडून आलेली नाही. दशावताराची उत्क्रांतीशी सांगड घालणारं जे सर्वांत जुनं लेखन सहसा दाखवलं जातं, ते १८७७ सालचं आहे. सर्व धर्मांमागचं गूढ ज्ञान शोधू पाहणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की यांनी न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या ग्रंथात अवतारांची अशी मांडणी केली. दोनच वर्षांनी, १८७९ मध्ये, त्या आणि सोसायटीचे दुसरे संस्थापक कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले आणि सोसायटीचं काम काही वर्षं मुंबईतूनच चाललं. १८८२ साली ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी एका व्याख्यानात सांगितलं, की हिंदू अवतार मासा, कासव, वराह अशा खालच्या पायरीपासून चढत माणसाच्या पूर्णत्वापर्यंत पोचतो आणि आधुनिक उत्क्रांतिवाद नेमका हाच आहे. पुढे ही कल्पना अनेकांनी उचलली. त्यापूर्वीच्या संस्कृत टीकाकारांनी अवतारांवर पुष्कळ लिहिलं आहे, पण एका प्राण्यापासून दुसरा प्राणी उत्पन्न झाल्याचा पुरावा म्हणून दशावताराकडे त्यांनी पाहिलेलं नाही.

त्या काळच्या माणसांना मी दोष देत नाही. मिशनरी शाळांतून आणि इंग्रजी वर्तमानपत्रांतून मासा-कासवाच्या कथांची टर उडवली जात होती, हिंदू देवांना रानटी कल्पना म्हटलं जात होतं. त्याच सुमारास खुद्द इंग्लंडमध्ये डार्विनमुळे बायबलच्या सृष्टिकथेला हादरे बसत होते. अशा वेळी आपली कथा विज्ञानाच्या विरोधात नाही, उलट विज्ञानच तिच्या मागून आलं, असं म्हणायला मिळणं हा आत्मसन्मानाचा प्रश्न होता. ते उत्तर त्या काळाच्या जखमेवरचं होतं. आज आपण तेच पोथीतलं सत्य म्हणून मुलांना सांगतो, तिथे घोटाळा होतो.

आता पोथीत खरंच काय आहे ते पाहू. माशाची कथा सर्वांत आधी शतपथ ब्राह्मणात येते. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो. ‘मला सांभाळ, मी तुला वाचवीन,’ असं तो म्हणतो. मनू त्याला भांड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. पूर येतो तेव्हा मनू आपली नाव माशाच्या शिंगाला बांधतो आणि तरून जातो. या कथेत विष्णूचं नाव नाही. महाभारताच्या वनपर्वात हाच मासा ‘मी प्रजापती ब्रह्मा आहे’ असं सांगतो. तो विष्णूचा अवतार झाला नंतर, पुराणांत. कासव आणि वराह यांचंही तसंच आहे. शतपथ ब्राह्मणात कासवाचं रूप घेऊन प्रजा निर्माण करणारा प्रजापती आहे आणि तैत्तिरीय संहितेत वराह होऊन पाण्यातून पृथ्वी वर काढणाराही प्रजापतीच. या तीन स्वतंत्र, जुन्या आणि फार सुंदर कथा आहेत. वैष्णव परंपरेने त्या पुढे एका माळेत ओवल्या.

पण सर्वांत मोठी अडचण मत्स्यकथेतच उघड्यावर आहे. मासा येतो तेव्हा मनू आधीच हजर आहे. माणूस आहे, त्याचे हात धुवायला पाणी आहे, नाव आहे, पुराणांतल्या कथेत तर सप्तर्षी आणि सगळ्या वनस्पतींची बीजंही आहेत. समुद्रमंथनात कूर्म पाठीवर मंदर पर्वत तोलतो तेव्हा आजूबाजूला देव आणि असुर आहेत आणि समुद्रातून ऐरावत हत्ती आणि उच्चैःश्रवा घोडा बाहेर येतात. कासवाच्या ‘टप्प्यावर’ हत्ती-घोडे निघाले तर तो कसला टप्पा? कथा सांगणाऱ्यांना प्राण्यांचा ऐतिहासिक क्रम सांगायचाच नव्हता, म्हणून त्यांना यात काही विसंगत वाटलं नाही.

क्रमसुद्धा एकच नाही. आपण पाठ करतो ती दहांची यादी बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या गीतामुळे घराघरांत पोचली. पण भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतार सांगितले आहेत. तिथे पहिले आहेत सनत्कुमार, म्हणजे ब्रह्मचारी ऋषिकुमार. दुसरा वराह, तिसरे नारद. मासा दहाव्या क्रमांकावर येतो आणि कासव अकराव्या. त्याच्याही आधी कपिल, दत्तात्रेय, पृथु होऊन गेलेले आहेत. यादी संपल्यावर भागवतकार सांगतात, की हरीचे अवतार असंख्य आहेत, अक्षय सरोवरातून हजारो पाट निघावेत तसे. बाविसांतून दहा निवडायचे, त्यातही मासा पुढे आणायचा, नारद-कपिल-दत्तात्रेय गाळायचे, आणि मग ‘पहा, किती अचूक क्रम आहे’ म्हणायचं, ही पद्धत कुठल्याही विषयात कुणी केली तर आपण तिला तपासणी म्हणणार नाही.

दहांच्या यादीतही एकमत नाही. कुठे आठवा बलराम आणि नववा बुद्ध, कुठे आठवा कृष्ण. आपल्या महाराष्ट्रात तर जुन्या पंचांगांच्या चित्रांत आणि काही देवळांच्या कोरीव कामात नवव्या जागी विठ्ठल उभा दिसतो. मला हे फार लोभस वाटतं. आपल्या जिवाभावाच्या देवाला लोकांनी प्रेमाने त्या रांगेत जागा करून दिली. श्रद्धेची यादी अशीच वाढते, बदलते, गावागावाची होते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या खेळात, तीच दहा रूपं एकशेवीस गोल पत्त्यांवर रंगवलेली असतात. कोकणातल्या दशावतारी नाटकात वेद पळवणारा काळा संकासूर रंगमंचावर येतो तेव्हा लहान मुलं आईला बिलगतात. या सगळ्यात दशावतार जिवंत आहे. त्याला जीवशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज पडलेली नाही.

आणि युगांची कल्पना तर उत्क्रांतीच्या लोकप्रिय समजुतीच्या नेमकी उलट जाते. कृतयुगात, म्हणजे सत्ययुगात, धर्म चार पायांवर उभा असतो, त्रेतायुगात तीन, द्वापारात दोन, कलियुगात एक. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह हे चारही कृतयुगातले, म्हणजे सर्वांत चांगल्या काळातले. पुराणांच्या दृष्टीने जग त्यानंतर उतरत चाललं आहे. ‘खालच्या जिवापासून वरच्या माणसापर्यंत प्रगती’ हा अर्थ या मांडणीवर बाहेरून लादावा लागतो. शिवाय काळ चक्राकार आहे, हे सगळं पुन्हा पुन्हा घडतं.

एकेका कथेचा अर्थ पाहिला तर जुळणीने काय हरवतं ते अधिक कळतं. नृसिंहाची कथा हिरण्यकशिपूच्या वरावर उभी आहे. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. मृत्यूच्या सगळ्या वाटा त्याने बंद केल्या आणि देव नेमका दोन टोकांच्या मधल्या फटीतून आला: संध्याकाळी, उंबरठ्यावर, ना धड माणूस ना धड सिंह अशा रूपात. बुद्धीच्या अहंकाराला बुद्धीनेच दिलेलं हे उत्तर आहे. त्याला ‘पशू आणि मानव यांमधला दुवा’ म्हटलं की कथेचा प्राणच जातो. वामनाला ‘अविकसित आदिमानव’ म्हणणं तर मला अन्यायाचं वाटतं. तो वेद शिकलेला, छत्र-कमंडलू घेतलेला तेजस्वी बटू आहे. त्याचं लहान असणं हाच कथेचा गाभा आहे, कारण तीन पावलांत तो त्रैलोक्य व्यापणार आहे. विदिशाजवळच्या उदयगिरीच्या लेण्यात गुप्तकाळात कोरलेला भव्य वराह पाहिलात, दाताला धरून वर येणारी भूदेवी पाहिलीत, तर तो सस्तन प्राण्यांच्या उदयाचा तक्ता आहे असं तिथे उभं राहून कुणालाही वाटणार नाही.

आता दुसरी बाजू. उत्क्रांती म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांग असते. ती रांग काढून टाका आणि विदर्भातल्या कपाशीच्या शेतात चला.

२००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जीवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं असतं. त्यामुळे झाडात असं प्रथिन तयार होतं, की ते खाल्लं की बोंडअळीच्या आतड्याला छिद्रं पडतात आणि ती मरते. सुरुवातीची काही वर्षं फवारण्या कमी झाल्या, शेतकरी खूश झाला. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. पण त्याआधीपासून लाखो अळ्यांत एखादी अशी होती, की तिच्या आतड्यात ते प्रथिन नीट चिकटत नव्हतं. कुणी ते मुद्दाम घडवलं नव्हतं. जनुकांची नक्कल होताना चुका होतात, त्यातलीच ती एक. साध्या कपाशीवर तिला या चुकीचा काही फायदा नव्हता. बीटीच्या शेतात मात्र बाकीच्या मेल्या आणि ही जगली. तिचे पतंग झाले, अंडी घातली, पिल्लांत तो गुण गेला. पुढच्या पिढीत अशा अळ्या थोड्या जास्त, त्यापुढच्या पिढीत आणखी जास्त. गुलाबी बोंडअळी भारतात मुख्यतः कपाशीवरच जगते, त्यामुळे तिच्यावरचा दाब फार मोठा होता. २०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांत एका जनुकाच्या वाणाला ती जुमानत नाही हे जाहीर झालं. काही वर्षांत दोन जनुकांचं वाणही तिच्यापुढे हरलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात डोमकळ्यांनी, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलांनी, भरलेली शेतं आणि किडकी बोंडं ज्यांनी पाहिली, त्यांनी उत्क्रांती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

हीच नैसर्गिक निवड. जिवांमध्ये मुळात फरक असतात. ते फरक पुढच्या पिढीत उतरतात. जन्मतात त्यांतले सगळे जगत नाहीत. आणि परिस्थितीत तगायला उपयोगी पडणारे फरक ज्यांच्यात असतात, ते जास्त जगतात आणि जास्त पिल्लं मागे ठेवतात. एवढ्या साध्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या चालू राहिल्या की पूर्ण समूह बदलतो. एकटी अळी बदलत नाही, अळ्यांची वस्ती बदलते. यात ठरवणारा कुणी नाही, आणि पुढे कुठे पोचायचं हे आधी ठरलेलं नाही.

शास्त्रज्ञांनी हे आधीच ओळखलं होतं, म्हणून बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं वेगळं पाकीट दिलं जायचं. त्याला शेतकरी रेफ्युजी म्हणतात. शेताच्या कडेने ते लावलं की तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर होतो आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. प्रतिकार रेंगाळतो. बहुतेक ठिकाणी ते पाकीट बांधावरच राहिलं, कारण किडणाऱ्या ओळी मुद्दाम कोण लावणार? जोडीला फरदड घेणं, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात राखणं, चालू राहिलं, त्यामुळे अळीला बारा महिने अन्न मिळालं. उत्क्रांती समजली असती, समजावून सांगितली गेली असती, तर काही हंगाम वाचले असते. म्हणून हा विषय केवळ परीक्षेचा नाही, असं मी कळकळीने म्हणतो.

‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?’ हा प्रश्न जानेवारी २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादच्या संमेलनात जवळपास याच शब्दांत केला होता. तेव्हा देशातल्या तीनही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून उत्क्रांतीची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धान्त असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचं लक्षात आलं, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. दहावीनंतर बहुतेक मुलं जीवशास्त्राला रामराम ठोकतात, म्हणून ती चिंता रास्त होती. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हाच पहिला धडा आहे, ही आपल्या जमेची बाजू.

तर मंत्र्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं: आजच्या माकडाचा माणूस झालाच नाही, तसं उत्क्रांती म्हणतही नाही. चिंपांझी आणि माणूस यांचे पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एकच होते, तिथून दोन फांद्या फुटल्या. चिंपांझी आपले चुलत आहेत, आजोबा नव्हेत. डार्विनने १८३७ मध्येच आपल्या वहीत शिडी न काढता फांद्या फुटत जाणारं झाड काढलं होतं. शिडी आणि झाड यांतला फरक कळला की दशावताराचं चित्र आपोआप गळून पडतं.

कासवच घ्या. त्या चित्रात ते ‘उभयचर’ असतं. पण कासव उभयचर नाही, सरपटणाऱ्या वर्गातलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले माद्या वाळूत अंडी घालायला येतात, त्यातून थेट छोटी कासवंच निघतात, बेडकासारखी शेपटीची पिल्लं नाहीत. शिवाय समुद्री कासवांचे पूर्वज जमिनीवरचे होते, म्हणजे ती पाण्यात परत गेली. कासवांच्या कुळातले सर्वांत जुने जीवाश्म सुमारे २२ कोटी वर्षांचे आहेत आणि सस्तन प्राण्यांचे पहिले नातलगही जवळपास त्याच काळात दिसतात. म्हणजे आधी कासव, मग वराह असं काही नाही. रानडुकराच्या आणि आपल्या पूर्वजांच्या वाटा तर, डीएनएसारख्या रेणूंच्या पुराव्यावरून पाहता, डायनोसॉर हयात असतानाच वेगळ्या झाल्या. सिंहाचीही तीच गत. वामनाशेजारी कधी कधी इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेल्या जेमतेम मीटरभर उंचीच्या मानवाचं नाव लिहितात. तो खराच विलक्षण शोध आहे, पण ती बाजूची फांदी आहे, आपला पूर्वज नव्हे.

आणि या रांगेची सुरुवात कुठून होते? माशापासून. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. जीवसृष्टीच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात. मासे आले सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी. त्याआधीच्या अवाढव्य काळात जीवाणू होते, त्यांनीच हवेत प्राणवायू भरला. झाडं, बुरशी, किडे हे कुणीच दशावतारात नाहीत. असायला हवेत अशी अपेक्षाही नाही, कारण ती यादी त्यासाठी नव्हतीच.

जे. बी. एस. हाल्डेन यांचं नाव या वादात नेहमी पुढे केलं जातं. उत्क्रांतीचं गणित मांडणाऱ्या पहिल्या फळीतले हे वैज्ञानिक १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि भुवनेश्वरला वारले. दशावताराचा क्रम पृष्ठवंशीय प्राण्यांच्या उत्क्रांतीची ढोबळ कल्पना देतो, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे हे खरं. पण ढोबळ साम्य दिसणं आणि पूर्वजांना सिद्धान्त माहीत असणं यांत फार अंतर आहे. विज्ञानात कल्पना सुचण्याइतकंच ती तपासता येणं महत्त्वाचं असतं. मासे जमिनीवर कधी चढले असतील याचा अंदाज बांधून काही संशोधकांनी त्या वयाचे खडक नकाशावर शोधले, कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षं थंडीत खोदकाम केलं, आणि २००४ मध्ये मान वळवू शकणारा, पंखांत मनगटासारखी हाडं असलेला मासा मिळवला. ३७.५ कोटी वर्षांचा. त्याचं नाव टिकटालिक. दशावतारावरून असं काही आधी सांगून नंतर सापडलेलं नाही. जे सांगितलं जातं ते सगळं शोध लागल्यानंतर.

चौऱ्याऐंशी लक्ष योनींबद्दलही असंच होतं. जगात सुमारे ८७ लाख सजीवजाती असाव्यात असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लगेच दोन्ही आकडे शेजारी मांडले गेले. पण पद्मपुराणाच्या नावाने सांगितला जाणारा श्लोक उलगडून पाहा: जलचर नऊ लाख, स्थावर वीस लाख, कृमी अकरा लाख, पक्षी दहा लाख, पशू तीस लाख, मनुष्य चार लाख. पक्ष्यांच्या जाती आज साधारण अकरा हजार धरल्या जातात आणि माणसाची जात एकच. बेरीज जवळ आली, पण आतला एकही आकडा जुळत नाही. त्या श्लोकाला मोजणी करायचीच नव्हती. एक जीव किती रूपांतून भटकतो आणि मनुष्यजन्म किती दुर्मीळ, हे सांगायचं होतं. तिथे आत्मा देह बदलतो. उत्क्रांतीत आत्म्याचा प्रश्नच येत नाही, देहांची वंशावळ असते. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, हाही आकडा पृथ्वीच्या वयाशेजारी ठेवतात. पण पूजेच्या संकल्पात आपण ‘श्वेतवाराहकल्पे’ म्हणतो त्या चालू कल्पाची परंपरेनुसार सुमारे १९७ कोटी वर्षंच सरली आहेत. तुलना करायची तर या आकड्याशी करावी लागेल, आणि तो जुळत नाही.

पुराणं आणि उत्क्रांती यांच्यात एक खरं, साधं नातं मात्र आहे आणि ते मला फार आवडतं. ते नावांचं. १८३० च्या दशकात निसर्गशास्त्रज्ञ ह्यू फाल्कनर आणि गंगेचा कालवा बांधणारे प्रोबी कॉटली यांनी शिवालिक डोंगरांतून जीवाश्म गोळा केले. जिराफाच्या कुळातल्या एका अगडबंब प्राण्याला त्यांनी शिवाच्या नावावरून शिवाथेरियम म्हटलं. तिथेच प्रचंड कासवाचे अवशेष मिळाले, तेव्हा पृथ्वी तोलणाऱ्या पौराणिक कासवाची फाल्कनरना आठवण झाली. पुढे १९३० च्या दशकात त्याच डोंगरांत मिळालेल्या जबड्याच्या तुकड्याला रामापिथेकस हे नाव मिळालं. १९६० च्या दशकात तो माणसाचा सर्वांत जुना पूर्वज मानला जात होता, जगभरच्या पुस्तकांत छापला जात होता. मग रेणूंच्या अभ्यासातून माणूस आणि चिंपांझी यांची ताटातूट त्याच्या खूपच नंतरची निघाली. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच्या भावकीतल्या प्राण्याची चेहऱ्याची हाडं मिळाली, ती ओरांगउटानसारखी होती. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड पिलबीम हे रामापिथेकसचे खंदे पुरस्कर्ते. त्यांनीच हा पुरावा मांडला आणि आपलं जुनं मत सोडलं. आज रामापिथेकस त्याच भावकीतल्या प्राण्यात, शिवापिथेकसमध्ये, विलीन झाला आहे. यात रामाच्या थोरवीला कसलाही धक्का लागला नाही, कारण ती जबड्याच्या तुकड्यावर कधी अवलंबून नव्हती. रामाला उत्क्रांतीच्या पायरीवर बसवलं असतं तर पायरी हलली तेव्हा काय केलं असतं?

आपल्या मातीतली उत्क्रांतीची सर्वांत थरारक गोष्ट तर पाण्यातून जमिनीवरची नाहीच, ती जमिनीवरून पाण्यात जाण्याची आहे. देवमासे इथेच घडले, या उपखंडाच्या किनाऱ्यांवर, भारताचा भूखंड आशियाला भिडत होता त्या काळात. पाकिस्तानात सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा चार पायांचा देवमासा सापडला. जम्मूच्या कालाकोट भागातून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी आणलेले दगड वर्षानुवर्षं पडून होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते फोडले गेले तेव्हा एका लहानशा खुरवाल्या प्राण्याची कवटी मिळाली आणि तिच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड होतं. २००७ मध्ये तो इंडोहायस म्हणून जगापुढे आला, देवमाशांचा अगदी जवळचा नातलग. कच्छमध्ये मिळालेला कच्छिसेटस त्याच कहाणीचा पुढचा भाग आहे.

त्याच कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका सापाचे २७ मणके मिळाले. आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी २०२४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि शिवाच्या गळ्यातल्या, समुद्रमंथनात दोर झालेल्या नागावरून त्याला वासुकी इंडिकस नाव दिलं. लांबी त्यांनी एका आकड्यात सांगितली नाही. मणक्यांच्या मापावरून हिशेबाच्या दोन पद्धती वापरल्या आणि सुमारे ११ ते १५ मीटर असं म्हटलं. कवटी मिळालेली नाही, त्यामुळे तो काय खात असे, हे ते नक्की सांगत नाहीत.